आधी करून बघ, मग लिही

अगं, तुझा मेसेज वाचला. "ताई, माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, टेक्निकल रायटिंग मला झेपेल का?" झेपेल. आणि तुला ज्याची धास्ती वाटतेय त्या इंग्रजीपासूनच सुरुवात करते, म्हणजे ती एकदाची मनातून जाईल.

विमानांच्या देखभालीची मॅन्युअल्स ज्या नियमांनी लिहितात, त्यांना सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. एएसडी-एसटीई१०० हे त्या मानकाचं नाव. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा मेकॅनिकनाही एका वाचनात कळावं, म्हणून ते तयार झालं. सूचनेचं वाक्य जास्तीत जास्त वीस शब्दांचं, एका वाक्यात शक्यतो एकच सूचना, आणि शब्द ठरावीक यादीतले. अलंकारिक इंग्रजीला तिथे जागाच नाही. इंग्रजी वाचताना आपण कुठे अडतो हे तुला अनुभवाने माहीत आहे. या कामात ते भांडवल आहे, कमीपणा नाही.

इथे माणूस टिकतो तो स्वतः करून बघण्याच्या सवयीवर. समजा, डेव्हलपरने तुला मजकूर दिला: "नवीन व्हर्जन इन्स्टॉल करून सर्व्हर रीस्टार्ट करा. त्याआधी डेटाबेसचा बॅकअप घेतलेला असावा." व्याकरणात काही खोट नाही. पण वाचणारा रात्री उशिरा, समोरच्या खिडकीत कमांड देत देत वाचतोय. दुसऱ्या वाक्यावर नजर जाईपर्यंत रीस्टार्ट होऊनही गेलेलं असतं. म्हणून बॅकअप पहिल्या पायरीवर आणायचा. तेवढ्यानेही भागत नाही. कोणती कमांड द्यायची, फाइल कुठे तयार होते, बॅकअप नीट झाला हे कशावरून ओळखायचं? टेस्ट मशीन माग आणि चालवून बघ. कदाचित कळेल की त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसेल तर कमांड एरर देऊन थांबते. डेव्हलपरने ते सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या मशीनवर सगळ्या परवानग्या असतात, त्याला ती एरर कधी दिसतच नाही. ती एरर आणि तिच्यावरचा उपाय लिहिलास, की तुझ्या पानाला खरी किंमत आली.

डेव्हलपरशी बोलायचं, तेही असंच हात घालून झाल्यावर. "हे फीचर जरा समजावून सांगाल का?" असं विचारत गेलीस तर रिलीजच्या आठवड्यात कोणी दाद देणार नाही. "चौथ्या पायरीला मला ही एरर आली, हा स्क्रीनशॉट, इथे रोल वेगळा लागतो का?" असं विचार. उत्तर तर मिळेलच, पण काही दिवसांनी तेच लोक डिझाइनच्या मीटिंगला तुला बोलावतील. बढतीची वाट त्या मीटिंगमधून जाते, हे मी अगदी खात्रीने सांगते. शेवटच्या आठवड्यात तयार माल हातात घेऊन त्यावर शब्द चढवणारी लेखिका वर्षानुवर्षं तिथेच राहते. बटणावर काय लिहायचं, एररमध्ये काय सांगायचं, हे ठरताना जी हजर असते, तीच पुढे लीड होते, नाहीतर इन्फर्मेशन आर्किटेक्ट.

टूल्सचं फार मनावर घेऊ नकोस. फ्लेअर, फ्रेममेकर कंपनीत गेल्यावर शिकता येतात, त्यासाठी क्लासला हजारो रुपये भरू नकोस. मार्कडाउन आणि गिट मात्र आत्ताच शीक. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे कोर्स फुकट आहेत, ते कर. दानिएले प्रोचिदा यांची डायाटॅक्सिस नावाची मांडणी वाच. वाचक शिकायला आलाय, काम उरकायला आलाय, एखादा नेमका तपशील शोधतोय, की मुळातून समजून घेतोय, हे आधी ठरव आणि त्या चारांची खिचडी करू नकोस, एवढं त्यातून घेतलंस तरी तुझं लेखन सुधारेल.

सर्टिफिकेटच्याही मागे लागू नकोस. सर्टिफिकेट देणारी अमेरिकेतली एसटीसी ही या व्यवसायातली सर्वांत जुन्या संस्थांपैकी एक, तीसुद्धा जानेवारी २०२५मध्ये बंद पडली. मुलाखतीला नमुने लागतात. तू वापरलेलं एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर घे, त्याच्या सूचना पहिल्यापासून करून बघ, जिथे अडलीस ती जागा दुरुस्त करून गिटहबवर पुल रिक्वेस्ट पाठव. अनोळखी माणसं त्यावर शेरे मारतील, कधी फटकळपणे. ते शेरे आणि तू त्यावर केलेले बदल तसेच राहू देत. मुलाखत घेणारी म्हणून मी तरी आधी तेच बघते.

एआयची भीती तू लिहिली नाहीस, पण ती असणारच. सरळसोट पहिला मसुदा लिहायचं काम त्याच्याकडे जातंय, हे खरं आहे. पण अजून बाजारात न आलेल्या प्रॉडक्टची पाचवी पायरी चालते की नाही, हे कुणीतरी चालवून बघावंच लागतं. शिवाय कंपन्यांचे चॅटबॉट आपल्याच पानांवरून उत्तरं देतात. पानावर पायरी चुकली, तर तीच चूक ते प्रत्येक ग्राहकाला सांगत सुटतात. म्हणून एखादा विषय खोलवर धर: पेमेंट्स घे, वैद्यकीय उपकरणं घे, चाकणच्या कारखान्यांना लागणारं गाड्यांचं सॉफ्टवेअर घे. विषय कळणाऱ्या लेखिका थोड्या आहेत.

आता या आठवड्याचं काम. डिजिलॉकरमध्ये खातं उघडून आधार कार्ड उतरवून घ्यायच्या पायऱ्या मराठीत लिही. कागद मावशीच्या हातात दे आणि तिच्या शेजारी गप्प बस. कितीही जिभेवर आलं तरी बोलू नकोस. ती जिथे थांबेल तिथे तुझ्या प्रतीवर खूण कर. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, आणि तो नंबर काकांच्या फोनचा निघाला तर मावशी कोड शोधत बसेल. तुझ्या पायऱ्यांत ते सुरुवातीलाच सांगितलंयस का बघ. मग सुधारून दोन्ही मसुदे मला पाठव, रविवारी फोनवर एकेक ओळ घेऊ.