आजोबांची लस आणि थायमस ग्रंथी

भारतात कोविडची लस टोचण्यास १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. १ मार्चपासून ६० वर्षांवरील माणसांची आणि आधीचा काही आजार असलेल्या ४५ वर्षांवरील माणसांची पाळी आली. घरात आजोबा-आजींसाठी मोबाइलवर नाव नोंदवण्याची धांदल तुम्हाला आठवत असेल. वृद्धांना आधी लस दिली ती केवळ मान म्हणून काय? नव्हे. त्याचे कारण आपल्या छातीत आहे.

उरोस्थीच्या मागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. रक्तातील टी-पेशी तेथे तयार होऊन बाहेर पडतात. पूर्वी न पाहिलेला जंतू शरीरात शिरला, तर त्याला ओळखण्यासाठी नव्या, कोऱ्या टी-पेशी लागतात. तुमच्या वयात ही ग्रंथी भरात असते. पुढे ती आक्रसू लागते व तिच्या जागी चरबी साठते. सत्तरीतल्या माणसाजवळ जुन्या रोगांची आठवण ठेवणाऱ्या पेशी पुष्कळ असतात, पण कोऱ्या पेशी थोड्या. करोनाचा विषाणू तर सर्वांनाच नवा होता!

आता तुम्ही विचाराल, शरीरच मंद झाले असेल तर ते लसीपासून तरी काय शिकणार? प्रश्न रास्त आहे. तरुणांपेक्षा वृद्धांत लसीचा परिणाम काहीसा कमी होतो, हे खरेच आहे. पण विषाणू शिकायला सवड देत नाही. काही दिवसांतच तो भराभर वाढतो. लस वाढत नाही. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो. कोव्हिशील्डमध्ये चिंपांझीचा एक विषाणू वाहक म्हणून वापरला आहे, त्याची वाढण्याची शक्ती काढून घेतलेली असते. म्हणून म्हाताऱ्या शरीराला सावकाश शिकता येते. दुसरी मात्रा ही उजळणी समजा.

मारलेला जंतू टोचण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी येथेच अशी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

तरीही आजोबा नको म्हणतात. अशा वेळी वाद घालू नका. नेमकी भीती कशाची आहे ते आधी विचारा. “ताप येतो,” असे ते म्हणाले तर सांगा, की तापासारखा त्रास वृद्धांना तरुणांपेक्षा बहुधा कमीच होतो. “मला मधुमेह आहे,” असे म्हणाले तर अशांनाच आधी बोलावले होते, हे सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती मात्र टोचणाऱ्या परिचारिकेला सांगितलीच पाहिजे. म्हणजे ती टोचल्यावर कापूस थोडा वेळ दाबून धरायला लावील. दंड चोळायचा नाही.

औषधांची यादी तुम्हीच कागदावर लिहून द्या. सैल बाहीचा सदरा घालायला सांगा. टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसायचे असते, कारण तीव्र ॲलर्जी झालीच तर ती बहुधा तेवढ्यात दिसते व उपचार हाताशी असतो. दुसऱ्या मात्रेची तारीखही तुम्हीच सांभाळा. कोव्हिशील्डचे अंतर सुरुवातीला ४ आठवडे होते, ते मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे झाले. तारखांच्या या घोळात मोठी माणसेही गोंधळली, मग आजीचे काय!

केंद्रावर कधी कधी उगाच थांबवून ठेवतात असे वाटे. त्यामागे साधा हिशेब होता. कोव्हिशील्डच्या एका कुपीत अर्ध्या मिलिलिटरच्या १० मात्रा असत. कुपी एकदा उघडली की ४ तासांत संपवायची, नाही तर उरलेली लस टाकून द्यायची. म्हणून दहा माणसे जमेपर्यंत परिचारिका वाट पाही.

अंथरुणाला खिळलेल्या आजीला घरी जाऊन लस देणे अवघड का होते, ते आता तुम्हालाच सांगता येईल. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, चार तासांत दहा घरांचे जिने चढायचे आणि प्रत्येक घरी अर्धा तास थांबायचे! २०२१ च्या पावसाळ्यात मुंबईत हे काम सुरू झाले. तुमच्या गल्लीतील दहा घरे वहीत मांडून, एका कुपीत हे कसे बसवाल ते करून पाहा.