भेटायची जागा (गीता, अध्याय ६, श्लोक २६)



दिवाळीच्या सुट्टीमुळे चार दिवस चिंतन लिहायचं राहून गेलं. आज लिहितोय ते थोडं लाजतच लिहितोय. पण ज्या दिवशी आपण चुकतो, त्या दिवशी श्लोक जास्त नीट कळतो, असा माझा तरी अनुभव आहे.

आजचा श्लोक ध्यानाच्या अध्यायातला, म्हणजे सहाव्यातला. मन चंचल आहे, एका जागी ठरत नाही. ते जिथे जिथे पळेल, तिथून तिथून त्याला आवरून परत आणावं, असं भगवान सांगतात. इतकंच. हा श्लोक मी कॉलेजपासून वाचतोय. कळला मात्र भाऊबीजेनंतरच्या शनिवारी, एका थीम पार्कमध्ये.

आमच्या लहानपणी "सुट्टीत कुठे?" याचं उत्तर एकच असायचं, एस्सेलवर्ल्ड. ते १९८९ मध्ये गोराईला सुरू झालं. बोरिवली स्टेशनवरून बस, मग खाडीची जेट्टी, मग बोट. बोटीत चढतानाच अर्धी सहल वसूल व्हायची. आताच्या मुलांना खोपोलीजवळचं इमॅजिका आहे, आमच्या घाटकोपरच्या मॉलमध्ये किडझानिया आहे, वॉटर पार्क तर कितीतरी. आम्हीही अशाच एका ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही, कारण जे घडलं त्यात चूक पार्कची नव्हती, माझी होती.

आम्ही पाच जण होतो. मी, बायको, आई, पाच वर्षांचा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. गेटमधून आत शिरल्या शिरल्या आईने सगळ्यांना थांबवलं. समोर प्लास्टरचा एक मोठा हत्ती होता. आई नातवाला म्हणाली, "हे बघ, कोणी चुकलं तर इथे यायचं. हत्तीच्या पायाशी उभं राहायचं आणि हलायचं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या गावच्या जत्रेत दीपमाळेपाशी भेटायचं ठरलेलं असायचं. मोबाइल कुठे होते तेव्हा?" मी हसलो. मनात म्हटलं, आता आहेत की मोबाइल!

गर्दी प्रचंड होती. एका राइडच्या रांगेत उभे राहिलो आणि सवयीने माझं गणित सुरू झालं. एका फेरीत २४ माणसं, चढणं-उतरणं धरून एक फेरी ४ मिनिटांची. म्हणजे तासाला १५ फेऱ्या, ३६० माणसं. आमच्या पुढे साधारण ३००. म्हणजे ५० मिनिटं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रांगेचा एक नियम शिकवतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. रांगेत सरासरी किती माणसं असतील? माणसं ज्या वेगाने येतात, त्याला प्रत्येकाच्या सरासरी थांबण्याच्या वेळेने गुणायचं. तात्पर्य काय, तर चिडून रांग एका सेकंदानेही कमी होत नाही. हे मला कागदावर पक्कं माहीत होतं. तरीही दर दोन मिनिटांनी मी मान उंच करून पुढे बघत होतो, आणि मधल्या वेळात फोन.

त्या वीकेंडला मी ऑन-कॉल होतो. साडेबाराच्या सुमारास ऑफिसचा फोन आला. राइड झाली होती, बायको धाकटीला घेऊन वॉशरूमला गेली होती, आई बाकावर बसली होती. थोरल्याचा हात माझ्या हातात होता. लॉग बघायला दोन्ही हात लागतात, म्हणून तो सोडला. "दोन मिनिटं इथेच थांब," म्हणालो.

मी मान वर केली तेव्हा तो नव्हता.

पुढची मिनिटं कशी गेली ते नीट सांगता येणार नाही. राइडच्या तोंडाशी पळालो, मग खेळण्यांच्या दुकानात, मग वॉशरूमच्या बाहेर, मग परत राइडपाशी. एका ठिकाणी साबणाचे फुगे उडवत होते, तिथे पोरांचा घोळका होता. त्यातलं एकेक तोंड बघितलं. शेवटी मदत कक्षात पोचलो. तिथल्या ताईंनी अगदी शांतपणे विचारलं, "शर्ट कुठल्या रंगाचा आहे?"

मला आठवेना.

सकाळपासून मी त्याचे चाळीसेक फोटो काढले होते. अडीच तास त्याचा हात धरून चाललो होतो. पण शर्टाचा रंग सांगता येत नव्हता. रंग बघायला फोन काढला तर स्क्रीनवर बायकोचे पाच मिस्ड कॉल. ऑफिसचा कॉल संपल्यावर मीच फोन सायलेंटवर टाकला होता. फोन लावला. ती म्हणाली, "अरे कुठे आहेस तू? आम्ही सगळे हत्तीपाशी आहोत."

तो हत्तीच्या पायाशी उभा होता. पिवळा शर्ट. फुगे बघायला गेला, वळून बघितलं तर मी दिसलो नाही, म्हणून आजीने सांगितलं होतं तसा सरळ तिथे जाऊन उभा राहिला. मी धापा टाकत पोचलो आणि त्याला जवळ घ्यायच्या आधी त्याच्यावर जोरात ओरडलो. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली इतक्या जोरात. त्याचे डोळे भरले. तो म्हणाला, "बाबा, तू हरवला होतास ना?"

आई म्हणाली, "त्याला कशाला ओरडतोस? तो त्याच्या जागेवरच होता."

मंडळी, त्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

परतीच्या वाटेवर मुलं झोपली. एक्सप्रेस वेवर नेहमीसारखा ट्रॅफिक होता. तेव्हा हा श्लोक आठवला. मला आजवर वाटायचं की यात मनाला पळू न देण्याबद्दल सांगितलंय. पण नीट बघा, भगवान तसं म्हणतच नाहीत. मन पळणार हे ते गृहीत धरतात. साधकाचं काम आहे परत आणणं. आणि परत आणायचं तर कुठे आणायचं, ते आधी ठरलेलं हवं.

माउलींनी ज्ञानेश्वरीत, म्हणजे शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०), इथे फार सुंदर उपाय सांगितलाय. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: एक नियम तेवढा जिवाभावाने आपला करा. त्याने मन स्थिरावलं तर उत्तमच. नाही स्थिरावलं तर खुशाल मोकळं सोडा. ते जिथे जाईल तिथून तो नियमच त्याला घेऊन येईल, आणि असं होता होता मनाला स्थिर राहायची सवय लागेल. मोकळं सोडा, हे माउली सांगतायत! मनाच्या मागे ऊर फुटेस्तोवर पळायला ते सांगत नाहीत. माझ्या मुलाकडे तो नियम होता, एक हत्ती. माझ्याकडे नव्हता. म्हणून तो पाच वर्षांचा असून पोचला, आणि मी पार्कभर पळत राहिलो.

दुसरी गोष्ट ओरडण्याची. पुढे याच अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मनाला आवरणं म्हणजे वाऱ्याला बांधण्यासारखं आहे. भगवान त्याच्यावर चिडत नाहीत. आधी कबूल करतात की हो, कठीण आहे. मग अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगतात. तिथेही माउली मनाची एक चांगली बाजू दाखवतात: जिथे गोडी लागते तिथे ते आपणहून पुन्हा पुन्हा जातं, म्हणून त्याला आत्मसुखाची गोडी दाखवत राहा. आता विचार करा, परत आलेल्या मुलाला आपण फटकावलं तर पुढच्या वेळी ते परत येईल का? जप करताना मन भरकटलं की आपण स्वतःवर चरफडतो, "माझं काही होणार नाही" म्हणतो. तेही परत आलेल्यावर ओरडणंच झालं.

याचा अर्थ मुलांना फिरायला नेऊ नये, असा मुळीच नाही. गोराईच्या खाडीतून ज्या बोटीने आम्ही एस्सेलवर्ल्डला जायचो, त्याच बोटीने आज लोक शेजारच्या विपश्यना पॅगोडाला जातात. २००९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. मधे एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली हजारो माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात. बोट तीच. बाहेर जायला हरकत नाही, परत यायची जागा तेवढी माहीत हवी.

सुट्टीत मुलांना घेऊन जाणार असाल तर आमच्या अनुभवातून चार गोष्टी:

१. आत शिरताच भेटायची जागा ठरवा. लांबून दिसेल अशी, आणि मुलाकडून तोंडाने वदवून घ्या.
२. गेटवरच मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा. आणि फोटो काढून झाल्यावर मुलाकडे एकदा नीट बघा.
३. दोन्ही पालकांचे नंबर चिठ्ठीवर लिहून मुलाच्या खिशात ठेवा. फोनचा आवाज सुरू ठेवा.
४. फोन घ्यावाच लागला तर आधी मुलाचा हात दुसऱ्या मोठ्या माणसाच्या हातात द्या, मग "हॅलो" म्हणा.

आणि आजचा अभ्यास: आपल्या मनासाठी असाच एक हत्ती ठरवा. रोजची एक वेळ, एक जागा, एक नाम. दहा मिनिटं पुरे. मन दहा वेळा गेलं तर दहा वेळा आणा, न ओरडता.

त्या रात्री झोपवताना मी मुलाला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "पुढच्या वेळी तू पण हत्तीपाशी ये हं." हो म्हटलंय. रविवारपासून सकाळी सहा ते सहा दहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बसतोय. बघू कसं जमतं ते.

राम कृष्ण हरी.