शेजारचे कुत्रे आणि आपली कुत्री

बंगळूर शहरात १८९८ सालच्या प्लेगच्या साथीनंतर मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या प्रशस्त वसाहती वसविण्यात आल्या. पुढे शहर वाढत गेले आणि घरांसाठी मिळणारी जागा आक्रसली. तीस फूट रुंद व चाळीस फूट लांब हा भूखंड येथे सर्वपरिचित आहे. त्यावर घर बांधले म्हणजे दोन कुटुंबांमध्ये एक भिंत आणि रस्त्याच्या बाजूस लोखंडी गजांचे फाटक एवढेच अंतर उरते. अशा वसाहतीत शेजारचे कुत्रे दररोज फाटकाशी येऊन घरच्या कुत्र्यांना डिवचू लागले, तर तो केवळ गोंगाटाचा प्रश्न राहत नाही. त्यातून कुत्र्यांचे स्वभाव बिघडतात, माणसांना इजा होते आणि वर्षानुवर्षांचा शेजारधर्म तुटतो.

या भांडणाचे स्वरूप समजून घेतल्यावाचून त्यावर उपाय करता येत नाही. गजांच्या फाटकातून कुत्र्याला पलीकडचे सारे दिसते, वासही येतो. परंतु तेथे पोहोचता मात्र येत नाही. या कोंडमाऱ्यातून भुंकणे वाढते. पलीकडचे कुत्रे काही वेळाने आपल्या वाटेने निघून जाते. आपल्या भुंकण्यामुळेच ते पळाले, अशी आतल्या कुत्र्याची समजूत होते व दुसऱ्या दिवशी ते अधिक जोराने भुंकते. अशा रीतीने ही सवय स्वतःच स्वतःला बळकट करीत जाते.

१९७३ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ यांनी या संदर्भात एक मार्मिक प्रसंग नोंदविला आहे. दोन कुत्री एका कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी धावत एकमेकांवर त्वेषाने भुंकत असत. एके दिवशी कुंपणाचा काही भाग काढलेला होता. धावता धावता ती तेथवर आली आणि अचानक समोरासमोर उभी ठाकली. क्षणभर दोघेही स्तब्ध झाले. मग कुंपण शिल्लक होते तेथे परत धावले व पूर्ववत भुंकू लागले. फाटकावरचा सारा आवेश प्रत्यक्ष लढाईचाच असतो असे नाही, हे यावरून दिसते.

तथापि, एवढ्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते. घरात दोन किंवा अधिक कुत्री असतील, तर शत्रूपर्यंत पोहोचू न शकणारे कुत्रे तो राग शेजारी उभ्या असलेल्या आपल्याच जोडीदारावर काढते. एरवी एका ताटलीत खाणारी कुत्री अशा वेळी एकमेकांना रक्तबंबाळ करतात. धन्याने मध्ये हात घातला, तर त्यालाही चावा बसतो. कुत्री झुंजू लागल्यास हात घालू नये. अंगावर पाणी ओतावे किंवा जाड पोते अथवा फळी मध्ये सारावी.

चाव्यामागे रेबीजचे भयही असते. या रोगाचे विषाणू लाळेतून जखमेत शिरतात आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी क्वचितच वाचतो. म्हणून माणसाला चावा बसताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. चावा बसलेल्या कुत्र्यासही, त्याला पूर्वी लस दिलेली असली तरी, पशुवैद्याकडे न्यावे.

उपायांचा आरंभ आपल्या अंगणापासून करावा. आठवडाभर भांडणाच्या वेळा लिहून ठेवल्यास बहुधा ती ठरावीक वेळी होतात असे आढळते. त्या वेळी आपली कुत्री घरात ठेवावीत आणि अंगणात ती एकटी सोडू नयेत. फाटकाचा खालचा भाग पत्रा किंवा बांबूच्या तट्ट्याने झाकावा. शत्रू दिसेनासा झाला की निम्मा आवेश ओसरतो. शिकवणीची जागा मात्र फाटकापासून दूर असावी. पलीकडचे कुत्रे दिसावे, परंतु आपले कुत्रे अजून शांत असावे, एवढे अंतर राखून त्याला हाक मारावी व वळून पाहताच आवडीचा घास द्यावा. काही दिवसांनी ते कुत्रे दिसणे आणि घास मिळणे यांची सांगड त्याच्या मनात बसते. मग हे अंतर थोडेथोडे कमी करावे. ओरडून किंवा मारून मात्र उलटाच परिणाम होतो. शेजारचे कुत्रे दिसले की मार बसतो, एवढेच ते शिकते.

शेजाऱ्याशी बोलणे भांडणाच्या भरात टाळावे. निवांत वेळी जाऊन तक्रारीऐवजी योजना मांडावी: फिरावयास नेण्याच्या वेळा वेगळ्या ठेवणे, रस्त्यावर पट्टा वापरणे, लसीकरणाचे दाखले परस्परांना दाखविणे. माजावर आलेल्या मादीमुळे नर फाटकाशी घुटमळत असल्यास निर्बीजीकरणाचा विचार सुचवावा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव जनावराचे लसीकरण, जंतनाशन व निर्बीजीकरण ही मालकाचीच जबाबदारी आहे.

पुष्कळदा 'शेजारचे कुत्रे' म्हणजे शेजारी ज्याला खाऊ घालतो असे रस्त्यावरचे कुत्रे असते. २०२३ साली तत्कालीन बृहत् बंगळूर महानगरपालिकेने केलेल्या गणनेत शहरात अशी सुमारे २ लाख ७९ हजार कुत्री आढळली. त्यांना खाऊ घालण्याची जागा व वेळ यांवरून वाद झाल्यास तो समितीपुढे नेण्याची तरतूद याच नियमांत आहे. सप्टेंबर २०२५ पासून शहराचा कारभार पाच महानगरपालिकांकडे गेला असल्याने आपले घर कोणत्या पालिकेच्या हद्दीत येते, हे तक्रारीपूर्वी पाहावे.

कायद्याचा आधार शेवटी घ्यावा, आणि त्याची मर्यादा जाणून घ्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, पाळलेल्या जनावरापासून माणसाच्या जिवास धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असता निष्काळजीपणा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम माणसाला असलेल्या धोक्यापुरते आहे; दोन कुत्र्यांच्या भुंकाभुंकीला ते लागू होत नाही. उलट, संतापाच्या भरात कुत्र्याला विष घातल्यास कलम ३२५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भिंतीपलीकडचे कुत्रे बदलणे आपल्या हाती नसते. आपले अंगण, आपल्या वेळा आणि आपल्या कुत्र्यांची शिकवण मात्र सर्वस्वी आपल्या हाती असतात. त्यांत चिकाटीने बदल केल्यास बहुतेक भांडणे पोलीस ठाण्यापर्यंत जात नाहीत.