त्या रात्री झोपणार किती उंचीवर?

अगं, तू पाठवलेला बेत काल निवांत वाचला. बीजिंगला तीन दिवस, तिथून शिनिंग, स्टेशनवरच गाडी बदलून थेट ल्हासा. तारखा, हॉटेलं, खर्च, सगळं नीट मांडलंयस. फक्त त्यात एक रकाना वाढव, तारखेच्याही आधी: त्या रात्री आपण झोपणार किती उंचीवर?

लिहून बघ. बीजिंग जवळजवळ समुद्रसपाटीला. शिनिंग सुमारे २,२०० मीटर, म्हणजे तिथेच कळसूबाई (१,६४६ मीटर) खाली राहिली. वाटेतलं गोलमुड २,८००. मग तांगुला खिंड, ५,०७२ मीटर. आणि ल्हासा ३,६५०, आपल्या लेहपेक्षा थोडं वरच. शिनिंग ते ल्हासा हे १,९५६ किलोमीटर गाडी वीस-बावीस तासांत कापते, आणि गोलमुडनंतरची मोठी चढण तर काही तासांतच होते. शरीराला उंची सवयीची व्हायला दिवस लागतात गं. ‘रेल्वे हळूहळू चढते, तिने त्रास होत नाही’ असं तुला बरेच जण सांगतील. त्यावर विसंबू नकोस.

म्हणून माझा हट्ट एकच. बीजिंगमधला वेळ काप आणि शिनिंगला निदान दोन रात्री राहा. बघण्यासारखंही आहे तिथे. शहराजवळच कुंबुम मठ आहे. गेलुग पंथाचे संस्थापक त्सोंगखापा यांचा जन्म त्या जागी झाला. दुसऱ्या दिवशी छिंगहाय सरोवर करून ये. ते ३,२०० मीटरच्या आसपास आहे. दिवसभर वर फिरायचं आणि झोपायला खाली शिनिंगला यायचं, याने शरीराची तयारी फार चांगली होते. ल्हासाला पोचल्यावर पहिला दिवसही मोकळाच ठेव. पोताला राजवाड्याच्या पायऱ्या तिसऱ्या दिवशी चढलीस तरी काही बिघडत नाही.

गाडीत ऑक्सिजन असतो, मग काळजी कसली, असं तू विचारलंयस. असतो, खरंच असतो. डब्याच्या हवेत तो मिसळतात, शिवाय बर्थपाशी नळी लावायची सोय असते. पण डब्यातला हवेचा दाब विमानासारखा वाढवलेला नसतो. वेफर्सची पाकिटं टम्म फुगतात, शांपूच्या बाटल्या गळतात, ते त्यामुळेच. तांगुलाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळपास असतो. नळीने बरं वाटेल, पण ल्हासाला उतरल्यावर ती सोबत येणार नाही. आणि तुझा रोजचा व्यायाम, सिंहगडाच्या वाऱ्या, त्यांचा इथे भरवसा धरू नकोस. धडधाकट माणसालाही उंची लागते.

आता मनातलं सांगते. मला तुझ्या तब्येतीपेक्षा तुझ्या स्वभावाची जास्त काळजी आहे. लहानपणापासून तू दुखणं अंगावर काढतेस. आपल्यामुळे दुसऱ्याचा खोळंबा नको, म्हणून गप्प बसतेस. सोबत ऑफिसच्या मैत्रिणी असतील, त्यांची मजा जाईल, म्हणून तू ‘काही नाही, जरा थकलेय’ म्हणशील. इथे ते चालणार नाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही सुरुवात असते. ती लपवायची नाही, आणि ती असताना आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर तो जिवाशी खेळ आहे. तेव्हा एकच खरा इलाज: ऑक्सिजन आणि डॉक्टर गाठत लगेच खाली उतरणं. निघायच्या आधीच मैत्रिणींना एकत्र बसव आणि ठरवा की रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीने आपलं कसं आहे ते खरं सांगायचं. एकीला उतरावं लागलं तर तिच्याबरोबर कोण जाणार, तेही घरी बसूनच ठरवा. ‘मला डोंगराचा त्रास होतोय, डॉक्टर हवा’ हे वाक्य चिनी लिपीत छापून पर्समध्ये ठेव.

उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं म्हणशील, तर डायमॉक्स बरेच जण चढण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. पण ती आपल्या मनाने घ्यायची नाही. सल्फा औषधांची अॅलर्जी आहे का, बीपीची कुठली गोळी चालू आहे, हे डॉक्टरांना आधी सांग. डायमॉक्सने बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं. तेव्हा वरचा बर्थ घेऊ नकोस. झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत.

कागदपत्रांचं थोडक्यात. चीनचा व्हिसा मिळाल्यावर तिबेटचा वेगळा परवाना लागतो. तो प्रवास कंपनीच काढून देते आणि गाडीत चढण्याआधी तपासतात. परदेशी माणसाला तिथे गाइडशिवाय फिरता येत नाही. मार्चच्या सुमारास परदेशी पर्यटकांना प्रवेश बहुतेक बंद असतो, तेव्हा त्या दिवसांतली रजा असेल तर बदल. दलाई लामांचा फोटो किंवा पुस्तक सामानात नको. तुझ्यापेक्षा तुझ्या गाइडला त्याचा जास्त त्रास होईल.

गाडी निवडताना बघ की गोलमुड पहाटे येईल. संध्याकाळनंतर शिनिंगहून सुटणारी घेतलीस की जमतं. सबंध चीनमध्ये घड्याळ एकच, बीजिंगचं. त्यामुळे इतक्या पश्चिमेला उजाडतं उशिरा आणि मावळतंही उशिरा. गोलमुड ते ल्हासा हा १,१४२ किलोमीटरचा पट्टा २००६च्या जुलैत सुरू झाला, आणि तो उजेडातच बघायला हवा. शेकडो किलोमीटर रूळ कायम गोठलेल्या जमिनीवरून जातात. रुळांच्या कडेने लोखंडी नळ्या रोवलेल्या दिसतील. त्यांतला अमोनिया जमिनीतली उष्णता बाहेर काढतो, म्हणजे खालचं बर्फ वितळून रूळ खचत नाहीत. पुढे होह शिलचं रान. जिच्या लोकरीच्या शाहतूश शालींसाठी बेसुमार शिकार झाली, ती चिरू, तिबेटी हरणाची जात, तिथली. तिला रूळ ओलांडता यावेत म्हणून मुद्दाम पुलांखालून वाटा ठेवल्यात. खिडकीची जागा नाही मिळाली तरी रुसू नकोस. बोळातल्या खिडक्यांपाशी घडीच्या खुर्च्या असतात, पहाटेच जाऊन एक धर.

खायला दशम्या, चटणी, मेतकूट आणि झटपट उपम्याची पाकिटं ने. डब्यात गरम पाणी मिळतं. पोटभर मात्र जेवायचं नाही, थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा. पॅड्स लागतील त्याहून जास्त घे, लिप बाम आणि सनस्क्रीन वरच्या कप्प्यात. आणि या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घे. त्यांनी काय सांगितलं ते मला शब्द न् शब्द कळव.