त्या गाडीत तू बसू नकोस

अगं, थकलीयस तू, ते मला कळतंय. तुझे यजमान, आपले मेजर, रात्री-अपरात्री उठून दाराच्या कड्या तपासतात, वरातीत फटाके वाजले की भरल्या पंगतीतून उठून जातात, पोरानं ताट जरा आपटलं की घर डोक्यावर घेतात. सगळं खरं. पण "कँटीनला जाऊ म्हणून गाडीत बसवायचं आणि परस्पर ॲडमिट करून यायचं" हे बोलणं तुझं नव्हे, तुझ्या दिराचं आहे. तुला म्हणून सांगते, त्या गाडीत तू बसू नकोस.

पूर्वी लोक "येरवड्याला टाका" म्हणायचे आणि विषय संपवायचे. आता 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, 2018 पासून तो लागूही झालाय. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एखादा डॉक्टर किंवा या क्षेत्रातला तज्ज्ञ, अशा दोघांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं. तेही त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. आजार गंभीर हवा, आणि त्यापायी त्यानं अलीकडे स्वतःला इजा करायचा प्रयत्न केला असेल किंवा तशी धमकी दिली असेल, दुसऱ्यावर हात टाकला असेल, नाहीतर स्वतःचं इतकंही बघता येत नसेल की त्याला इजा व्हायचा धोका आहे, असं काहीतरी ठोस हवं. कड्या तपासणं त्यात येत नाही. दिराशी बांधावरून भांडणं तर नाहीच नाही. चारचौघांसारखं वागत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवायचं नाही, असं कायद्यात स्वच्छ लिहिलंय. दारू पिऊन चावडीवर लोळणारा तुमच्याकडे शहाणा, आणि फटाक्याला दचकणारा फौजी तेवढा वेडा. मला या हिशेबाचा संताप येतो.

आणि हा हिशेब आपल्याकडेच होतो असं नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात 2012 साली एका माजी मरीन सैनिकाला फेसबुकवरच्या सरकारविरोधी मजकुरामुळे घरातून उचललं आणि मनोरुग्णालयात ठेवलं. आठवड्याभरात न्यायाधीशानं सोडायला लावलं, कारण त्याला अडकवायच्या अर्जात ठोस असं काही लिहिलेलंच नव्हतं. आपल्याकडे तो अर्ज कोण करतं, माहितीये? रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी. म्हणून मेजर शांत असतील त्या दिवशी त्यांच्याकडून साध्या कागदावर तुझं नाव लिहून सही घे. पुढे त्यांना वाटलं तर ते बदलताही येतं. तो कागद नसला की "मी जवळचा नातेवाईक" म्हणत उद्या दीरही पुढे होईल.

आणि दाखल केलं म्हणून माणूस कायमचा आत जात नाही. असा प्रवेश तीस दिवसांपुरता असतो. सात दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं, तिथे तो स्वतः दाद मागू शकतो आणि त्यासाठी वकील फुकट मिळतो. भेटायला कुणाला येऊ द्यायचं हे तोच ठरवतो. साखळदंडाला तर सक्त बंदी आहे. मताचा हक्कही दवाखान्याच्या चिठ्ठीनं जात नाही, त्याला न्यायालयानं तसं जाहीर करावं लागतं. सातबाऱ्यावरचं नाव डॉक्टरच्या कागदानं पुसता येत नाही. म्हणून या गडबडीत दिरानं पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर ना तुझी सही, ना मेजरांचा अंगठा.

पण सगळं सोसत बस असं मी म्हणत नाहीये. बँकेच्या गार्डच्या नोकरीसाठी घेतलेली ती बाराची बंदूक अजून कपाटावर आहे ना? तिचं आधी बघ. निवडणुकीला पोलिस ठाण्यात जमा करतात तशी जमा करायची, पावती घ्यायची, आणि हे त्यांच्याशी बोलून करायचं. तेरा वर्षांच्या पोरासमोर हत्यार लपवाछपवी करून ठेवण्यापेक्षा "घरात पोर आहे" एवढं कारण त्यांना पटेल. आणि मरायची भाषा केली, कुणावर हात उचलला, तर मात्र कागद शोधत बसू नकोस. जवळच्या डॉक्टरकडे ने. तातडीचे उपचार कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर सुरू करू शकतो, बहात्तर तासांपर्यंत. त्या वेळी उपचार मिळणं हाही त्यांचाच हक्क आहे.

एरवी स्वतःच्या पायानं जाऊ देत. एवढी वर्षं दुसऱ्याच्या हुकमावर ट्रकमध्ये चढले, उतरले. घरच्यांनीही फसवून गाडीत घातलं तर पुन्हा डॉक्टर सोड, तुझ्या हातचा चहा घेतानाही विचार करतील. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, ईसीएचएसचं कार्ड आहेच. पॉलिक्लिनिकमध्ये झोपेची तक्रार म्हणून सुरुवात करा, खोटंही नाही ते. तिथून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल मागायचा. स्वतःहून दाखल झाले तर साधारणपणे स्वतःहून बाहेरही येता येतं, हे त्यांना आवर्जून सांग, फौजी माणसाला ते महत्त्वाचं वाटेल. तोवर 14416 ला फोन कर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, 2023 च्या डिसेंबरमध्ये त्यांचा सैन्यदलांसाठी वेगळा कक्षही सुरू झाला. मराठीत बोल. तुझ्या स्वतःच्या झोपेचंही सांग त्यांना.

दीर परत गाडी काढतो म्हणाला तर त्याला माझा नंबर दे. मी बोलते त्याच्याशी.