तळे मोठे कोणते? पसारा, खोली आणि साठा यांचा हिशेब



पावसाळा सरत आला की वारंगा फाट्यावर नांदेडकडची, हिंगोलीकडची, हदगावकडची मंडळी भेटतात आणि पहिला प्रश्न निघतो, "इसापूर किती भरलं?" कुणी टक्के सांगतो, कुणी मीटर, तर कुणी टीएमसी. तिघेही खरेच बोलत असतात, पण तिघांची मापे निराळी. ही मापे नीट समजल्याशिवाय लागवडीचा बेत करणे म्हणजे काट्यावर गाडी न नेताच उसाचे टनेज सांगण्यासारखे आहे. म्हणून या अंकात तळ्यांची आणि धरणांची मोजणी कशी करतात, ते थोडक्यात देत आहोत.

१. आधी मापे

एक हेक्टर रानात एक मीटर उंच पाणी उभे केले तर ते १० हजार घनमीटर भरते. असे १०० हेक्टर, म्हणजे सुमारे २५० एकर रान मीटरभर पाण्याने भरले की झाले एक दशलक्ष घनमीटर, अर्थात १ दलघमी. २८.३ दलघमी म्हणजे १ टीएमसी. जगातल्या मोठ्या सरोवरांचे पाणी घन किलोमीटरमध्ये सांगतात. १ घन किलोमीटर म्हणजे १००० दलघमी.

२. पसारा मोठा म्हणून तळे मोठे?

पसाऱ्याने पाहिले तर जगात पहिला नंबर कॅस्पियनचा. त्याचा पसारा सुमारे पावणेचार लाख चौरस किलोमीटर धरतात. आपला सगळा महाराष्ट्र त्यात मावून जागा उरेल. नाव समुद्राचे असले तरी चहूबाजूंनी जमीन आहे, म्हणून त्याला सरोवरांत धरतात. पाणी मात्र मचूळ, शेतीला निरुपयोगी.

गोड्या पाण्यात अमेरिका व कॅनडा यांच्या हद्दीवरचे सुपीरियर पहिले, सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर. पण इथे एक वाद आहे. शेजारची मिशिगन व ह्युरॉन ही सरोवरे रुंद सामुद्रधुनीने जोडलेली असून दोन्हींची पातळी एकच आहे. ती एकच तळे धरली तर पसारा १ लाख १७ हजारांवर जातो आणि सुपीरियर मागे पडते. आपल्याकडे येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन्ही धरणे पूर्णा नदीवरच आहेत, पण येलदरीची पातळी वर, सिद्धेश्वरची खाली. म्हणून त्यांचा हिशेब वेगळाच राहतो. तेव्हा आधी तळे कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते, नंबर नंतर.

३. खोलीचे माप

आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराचा पसारा सुमारे ६८ हजार ८०० चौरस किलोमीटर. रशियातील बैकालचा ३१ हजार ५००, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पण व्हिक्टोरियाची सरासरी खोली ४० मीटर, तर बैकालची ७४४ मीटर. त्यामुळे व्हिक्टोरियात पाणी सुमारे २७०० घन किलोमीटर, आणि बैकालात २३ हजार ६००! आपले काठोकाठ भरलेले इसापूर १८ हजार वेळा ओतावे तेव्हा बैकाल भरेल.

हाच फरक आपल्या राज्यातही दिसतो. पैठणच्या नाथसागराचा एकूण साठा २९०९ दलघमी, पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर. कोयनेचा साठा १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास तेवढाच, पण पसारा सुमारे ११५ चौरस किलोमीटर. एक परात, दुसरी घागर.

परातीतले पाणी ऊन लवकर खाते. १०० चौरस किलोमीटर पसाऱ्यावरून एक सेंटिमीटर पाणी उडाले तर १ दलघमी गेले. मराठवाड्याच्या कडक उन्हात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडू शकते. पूर्ण पसरलेल्या नाथसागरावरून सेंटिमीटरभर उडाले तर साडेतीन दलघमीचा तोटा, कोयनेवरून सव्वा दलघमीही नाही.

४. मीटर आणि टक्के

इसापूरची पूर्ण भरण्याची पातळी ४४१ मीटर. ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे, धरणाची खोली नव्हे. तळाच्या जमिनीची पाहणी करून कोणत्या पातळीला किती पाणी याचा तक्ता केलेला असतो. मोजपट्टीवरची पातळी पाहायची आणि तक्त्यातून साठा काढायचा, अशी ही पद्धत आहे. गाळ साचला की जुना तक्ता चुकतो. मग नावेतून ध्वनिलहरी सोडून खोली मोजतात, किंवा उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पसारा काढून नवा हिशेब करतात. नाशिकची 'मेरी' संस्था अशी कामे करते.

धरणाचा आकार वर रुंद, खाली निमुळता असतो. नरसाळे निम्म्या उंचीपर्यंत भरले तर त्यात निम्मे नव्हे, फक्त आठवा हिस्सा पाणी असते. म्हणून वरचा एक मीटर गेला तर पुष्कळ पाणी जाते. नुसता मीटर ऐकून भुलू नये.

टक्के असतात ते उपयुक्त साठ्याचे. कालव्याच्या तोंडाखाली राहते तो मृतसाठा, तो टक्क्यांत येत नाही. इसापूरचा एकूण साठा १२७९ दलघमी, त्यात उपयुक्त ९६४. सिद्धेश्वरात एकूण सुमारे २५१, उपयुक्त अवघे ८१. तिथे शून्य टक्के म्हटले तरी तळात १७० दलघमी असते. उजनीतही ११७ टीएमसीपैकी उपयुक्त साडेत्रेपन्नच. म्हणून तिथे साठा 'उणे' गेल्याच्या बातम्या येतात. पाणी डोळ्यांना दिसते, पण पाटाला येत नाही.

५. उसाचा हिशेब

पाटाने मोकळे पाणी दिले तर उसाला वर्षाला दोन ते अडीच मीटर पाणी लागते. अडीच मीटर धरा, आणि पावसाचा वाटा बाजूला ठेवा. मग शेताच्या बांधावर पोचलेल्या १ दलघमीत ४० हेक्टर, म्हणजे १०० एकर ऊस निघतो. कालव्यात मुरते, उडते ते वेगळे. ठिबकने ४० टक्के बचत झाली तर त्याच पाण्यात दीडशेहून अधिक एकर भिजते. धरणात नवे पाणी न आणता साठा वाढवण्याचा हाच आपल्या हातातला मार्ग.

६. अरलचा धडा

मध्य आशियातले अरल सरोवर १९६० साली ६८ हजार चौरस किलोमीटर होते, जगात चौथे. त्याला मिळणाऱ्या दोन नद्यांचे पाणी कापसासाठी कालव्यांत वळवले गेले. २००७ पर्यंत त्याचा पसारा जेमतेम दहावा हिस्सा उरला आणि २०१४ साली पूर्वेकडचा भाग पार कोरडा पडला. मासेमारीची बंदरे वाळूत राहिली. कझाकस्तानने २००५ साली बांध घातला तेव्हा उत्तरेकडचा छोटा भाग सावरला.

अरलचे पाणी शेतकऱ्यांनीच वापरले, आणि त्या शेतकऱ्यांनाही पीक हवेच होते. कमतरता होती ती एकाच गोष्टीची: आत किती येते आणि आपण किती काढतो, याचा मेळ कुणी घातला नाही.

म्हणून सभासदांना विनंती, की लागवडीची नोंद देण्यापूर्वी तीन आकडे वहीत लिहावेत: आजचा उपयुक्त साठा दलघमीत, जाहीर झालेल्या पाळ्या, आणि आपल्या विहिरीतले उन्हाळी पाणी. हे तीन जुळले तर जरूर एकर वाढवा. न जुळले तर आहे तोच ऊस नीट सांभाळा. एप्रिलात वाळलेला ऊस ना कारखान्याच्या उपयोगाचा, ना घराच्या.