जप, उपास आणि केटी

लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातली, महाड-पोलादपूरच्या कॉलेजातली मुलं परीक्षेच्या तोंडावर दवाखान्यात येतात ती पोटाची तक्रार घेऊन. मळमळ, छातीत धडधड, पहाटेपर्यंत झोप नाही. चार प्रश्न विचारले की केटीचा, म्हणजे राहिलेल्या पेपरचा, विषय निघतो. मग सोबतची आई विचारते, "डॉक्टर, हा रोज जप करतो, गुरुवारही धरतो. त्यानं बरं वाटेल ना?"

वाटेल. पण कशानं आणि कुठवर, हे समजून घ्या.

ताणात श्वास उथळ आणि भराभर चालतो. संथ लयीत जप केला की तो लांबतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीच्या डॉक्टरांचा एक छोटा अभ्यास आला होता. ख्रिस्ती जपमाळ असो वा बौद्ध मंत्र, म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येत होता आणि हृदयाची लयही सुधारत होती. त्यामुळे शिवथरघळीला जाणाऱ्यानं नाम घ्यावं, विहारात जाणाऱ्यानं वंदना म्हणावी; घाई तेवढी करू नये. पुस्तक उघडण्याआधी दहा मिनिटं पुरतात.

दुसरा फायदा माणसांचा. वाडीवरून आलेला मुलगा खोलीवर मोबाईल घेऊन एकटाच कुढत बसतो. हरिपाठाला, विहारात किंवा मशिदीत गेला की निदान कुणीतरी "जेवलास का?" विचारतं.

उपासाचं मात्र तारतम्य ठेवा. दिवसभर नुसत्या चहावर राहून पेपरला बसलात तर डोकं दुखणार, पित्त उसळणार. केळं, दूध, राजगिऱ्याचा लाडू खा, पाणी प्या. रोजा असेल तर सहरी चुकवू नका. मधुमेह असेल किंवा रोजची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सप्ताहाचं जागरण पेपरच्या आदल्या रात्री नको, कारण वाचलेलं झोपेतच पक्कं होतं.

श्रद्धेची दुसरी बाजूही आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी ती नेमकी मांडली: देव पाठीशी आहे असं मानणारा सावरतो, देव शिक्षा करतोय असं मानणाऱ्याचा त्रास वाढतो. "नवस फेडला नाही म्हणून नापास झालो" असं मुलगा म्हणू लागला, तर घरच्यांनी त्यात भर घालू नये. जप चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, असं तासन्‌तास चालत असेल तर ती भक्ती नव्हे, मंत्रचळ हा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. कसोटी सोपी आहे: प्रार्थनेनंतर मन हलकं होऊन हात पुस्तकाकडे जातो, की भीती वाढते?

दोन आठवडे झोप-भूक उडाली, मूल खोलीबाहेर पडेना, तर डॉक्टरांना दाखवा. "जगून काय उपयोग" असं बोललं, तर त्याच दिवशी घेऊन या आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येतं. गोळ्या सुरू झाल्या की अंगारा लावायला माझी हरकत नाही. पण बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.